अगाफियाच्या नवऱ्याची शर्यत

अगाफियाचा नवरा वासिली वारला त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरी मुलगी झाली, आणि नाव काय ठेवायचं याचा कुणाला फारसा विचार करावा लागला नाही. वासिलीचं आपल्या भाषेतलं नाव होतं चकायाक. तेच पोरीला दिलं. चर्चमध्ये तिचं नाव ओलिंका, पण अगाफियाच्या लेखी त्या दिवसापासून ती नवराच. दुपट्यात गुंडाळलेल्या त्या पोरीला अगाफिया ‘अहो’ म्हणायची. नवऱ्याच्या वाटचं मांस तिला, नवऱ्याच्या वाटची टोपी तिला, सणाच्या दिवशी नवऱ्याच्या वाटचं पाणीही तिलाच. नाव ज्याच्या अंगावर आहे त्याला दिलं की गेलेल्याला पोचतं. आमच्या नदीवर ही इतकी साधी गोष्ट आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही.

पोरही काही कमी नव्हती. आठ वर्षांची असताना वाहत्या नाकानं घरात शिरायची आणि ऐटीत विचारायची, ‘बायको, आज जेवायला काय?’ अगाफिया मुकाट्यानं वाढायची. वासिलीचा धाकटा भाऊ याको आता साठीचा झालाय, तो अजून तिला ‘दादा’ म्हणतो. ती त्याला खुशाल नुसत्या नावानं हाक मारते, चहा टाकायला सांगते, आणि तो टाकतो. बाहेरून आलेल्या मास्तरांना हे बघून घेरी यायची बाकी राहते. त्याला आमचा इलाज नाही.

वासिली होता कुत्र्यांचा माणूस. गोठलेल्या नदीवर कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांची, म्हणजे स्लेजची, मोठी शर्यत होते, तिच्यात तो वर्षानुवर्षं उतरला आणि एकदाही शेवटच्या खांबापर्यंत पोचला नाही. कधी एखादं कुत्रं लंगडलं म्हणून थांबला. कधी दुसऱ्या कुणाची स्लेज खड्ड्यातून काढायला थांबला आणि मग तिथेच शेकोटीपाशी गप्पा मारत बसला. माघार घ्यायची आणि हसत घरी यायचं, हा त्याचा खाक्या. रडायची ती अगाफिया. म्हणून बावीस वर्षांच्या ओलिंकानं यंदा शर्यतीत नाव दिलं तेव्हा अगाफियानं गावभर सांगून टाकलं की या वर्षी माझा नवरा तो खांब ओलांडणार म्हणजे ओलांडणार, मग मला मागून ढकलावं लागलं तरी बेहत्तर.

ढकलण्याचं नाव ऐकून याको धास्तावला. आदल्या दिवशी त्यानं वहिनीला समोर बसवून नियम समजावले. बर्फावर पळणाऱ्या मशीनवरून मागोमाग जायला हरकत नाही. वळणावर शेकोटी करा, ओरडा, हात हलवा, नाचा. पण कुत्री हाकणाऱ्याला, म्हणजे मुशरला, काही द्यायचं नाही. खायला नाही, ल्यायला नाही, कुत्र्यांना हात लावायचा नाही. अगाफियानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“मी कशाला मुशरला काही द्यायला जातेय?” ती म्हणाली.

याकोचा जीव भांड्यात पडला. तिथेच तो फसला.

शर्यत सुटली आणि आमची नदी नुसती गजबजली. दर वर्षी असंच होतं. गोठलेल्या नदीवर कुत्र्यांच्या रांगा पुढे, आणि मागून, बाजूनं, आडवाटांनी घरंच्या घरं मशीनवर. आजी पुढे, नातू मागे, मधे चहाचा थर्मास. अगाफिया याकोच्या पाठीमागे एवढी गुंडाळून बसली होती की तिचे डोळे तेवढे दिसत. जवळच्या वाटेनं पुढे जायचं, वळणावर वाळकी झुडपं पेटवायची, सुकवलेला सामन मासा चघळत बसायचं, आणि मग कुणीतरी म्हणायचं, आले. आवाज असा काही नसतोच. आधी कुत्र्यांचा श्वास ऐकू येतो, मग पट्ट्यांच्या कड्या किणकिणतात, आणि बघता बघता सगळी रांग समोरून निघूनही जाते.

ओलिंका पहिल्या वळणावरून गेली तेव्हा सातवी होती, दुसऱ्या वळणावर पाचवी. डिझेल नावाचा तिचा पुढचा कुत्रा मान खाली घालून असा ओढत होता, जणू नदीच उचलून घरी न्यायची आहे. अगाफिया काठावरून ओरडली की अहो, टोपी कानांवर ओढा. ओलिंकानं मागे न बघता सांगितलं की बायको, घरी जा, थंडी फार आहे. काठावरचे लोक पोट धरून हसले. तिसऱ्या वळणावर ती चौथी होती आणि अगाफियाला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तिनं याकोच्या पाठीत एक गुद्दा हाणला आणि पुढे चला म्हणाली.

नदीच्या मोठ्या वळणावर कुइलुक गाव आहे. तिथे प्रत्येक मुशरला सक्तीची लांब विश्रांती घ्यावी लागते. अगाफिया आणि याको आडवाटेनं आधीच पोचले होते. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघराचा ताबा फेव्रोनियाकडे असतो. ती अगाफियाची लांबची बहीण, आवाज असा की नदीपल्याड ऐकू जावा. अगाफियानं तिच्या चुलीवर मूस हरणाच्या मटणाचा रस्सा रटरटत ठेवला आणि खिडकीशी उभी राहिली.

ओलिंका आली ती हातमोजे भिजवून. वाटेत बर्फावर पाणी चढलं होतं आणि कुत्र्यांना त्यातून काढताना तिचे हात कोपरापर्यंत बुडाले होते. तरी तिनं आधी कुत्र्यांचंच केलं. गवत पसरलं, एकेकाच्या पंजांचे मोजे काढले, पंजे तपासले, बर्फ वितळवून सगळ्यांना गरम गरम खायला घातलं. मग स्लेजवर टेकली आणि तिचे डोळे मिटायला लागले. तेवढ्यात एका हातात वाडगा आणि काखेत बीव्हरच्या कातड्याचे नवेकोरे हातमोजे घेऊन अगाफिया तरातरा पुढे आली. ते मोजे तिनं सबंध पानगळभर बसून शिवले होते.

“अहो, हात ओले करून आलात ना? काढा ते. हे घाला. आणि गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

झोपेत असलेल्या माणसाला बायकोनं असं सांगितलं की माणूस करतो. ओलिंकानं मोजे घातले, वाडगा तोंडाला लावला, अर्धा संपवला, आणि मग तिचे डोळे खाडकन उघडले.

“बायको,” ती हळूच म्हणाली, “काय केलंस हे?”

चार पावलांवर गाव्रिला उभा होता. गाव्रिला म्हणजे शर्यतीचा पंच. समुद्राकडच्या गावचा, अंगानं आडवा, स्वभावानं लोण्यासारखा. त्याच्या नातवाला खुद्द गाव्रिलाच्या मामाचं नाव आहे, म्हणून तो चिमुरडा खोलीत आला की गाव्रिला उठून उभा राहतो. त्यामुळे इथे काय घडलं ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बिचारा म्हणूनच जास्त अवघडला.

“ताई, तुम्ही मुशरला जेवण दिलंत. हातमोजे दिलेत.”

“मुशरला कुठे दिले? नवऱ्याला दिले.”

“नवरा तुमचा आहे हो. पण मुशर शर्यतीचा आहे.”

अगाफियाच्या तोंडचं पाणी पळालं. मोजे परत घेते म्हणाली. गाव्रिला म्हणाला, मोजे घ्याल, पोटात गेलेला रस्सा कसा घ्याल? मग टोपी काढून, डोकं खाजवून त्यानं नियम सांगितला. एकाला मिळालेलं इतरांना मिळालं नाही तर ती बाहेरची मदत, आणि मदत घेणारा शर्यतीतून बाद. पण गावानं जे द्यायचं ते पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना सारखं दिलं, तर ती मदत नव्हे, तो पाहुणचार. नियम करणाऱ्यांच्या मनात तेव्हा कॉफी आणि कडक बिस्किटं असणार. बीव्हरचे हातमोजे त्यांच्या स्वप्नातही आले नसतील.

“म्हणजे वीस-बावीस जोड्या?” याकोनं विचारलं.

“तशाच. कातड्याच्या, हातानं शिवलेल्या. आणि इथेच, याच गावात,” गाव्रिला म्हणाला. “नियम मी केलेला नाही, ताई.”

अगाफिया तिथेच गवतावर बसली. आजवर नवरा आपल्या गुणांनी हरत होता. या वेळी तो जिंकायच्या वाटेवर होता आणि आपणच आपल्या हातानं त्याला पाडलं, हे तिच्या मनात इतकं लख्ख उमटलं की तिला रडूही येईना. याको म्हणाला, वहिनी, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, होय भावजी, सांगितलं होतंत, आता पुढे काय करायचं तेही सांगा.

सांगितलं ते फेव्रोनियानं. हातात पळी घेऊन ती बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसली. रस्स्याचं तर काहीच नाही म्हणाली, गावात चार मूस टांगलेत, पातेली चढवायला किती वेळ लागतो? प्रश्न मोज्यांचा. आता आमच्याकडची बाई मोजे शिवते ती कुणाचा तरी हात मनात धरून. मुलासाठी, दिरासाठी, होणाऱ्या जावयासाठी. वाटेनं चाललेल्या परक्याच्या हातात ती घालत नाही. कंजूषपणा नाही त्यात, पण तशी रीतच नाही.

“परक्याला देता येत नाहीत, आपल्या माणसाला देता येतात,” फेव्रोनिया म्हणाली. “मग बघू या की, यांच्यात परकं कोण आहे ते.”

तिनं वायरलेसवरून हाक घातली. आमच्याकडे घरोघरी वायरलेस दिवसभर चालूच असतो, तेव्हा नदीवरच्या सगळ्या गावांना एकदमच कळलं की अगाफियानं प्रेमापोटी नवऱ्याला गोत्यात आणलंय. घटकाभरात कुइलुकच्या बायका शाळेच्या स्वयंपाकघरात हजर. येताना प्रत्येकीच्या काखेत गाठोडं. आणि मग जे सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. एकेक मुशर दारात यायचा, तोंडावरचा बर्फ पुसायच्या आत त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती. तुझं आपल्या भाषेतलं नाव काय? कुणाचं ठेवलं? तो कुठला? त्याची बायको कुठली? नदीवरचे मुशर म्हणजे कुणी वरच्या गावचे, कुणी खालच्या, पण नाव खणत गेलं की कुठे ना कुठे कुइलुकचा सांधा लागायचाच. एका दांडग्या गड्याच्या अंगावर एका म्हातारीच्या धाकट्या बहिणीचं नाव निघालं. म्हातारीनं त्याच्या गालाचा मुका घेतला, हातात मोजे घातले आणि लहानपणी माझी बाहुली तूच मोडलीस म्हणून दम दिला. त्यानं बिचाऱ्यानं माफी मागितली. दुसऱ्याच्या अंगावर दोघींच्या माणसांची नावं निघाली, मग मोजे कुणी द्यायचे यावरून त्या दोघींची जुंपली.

राहता राहिले बाहेरचे. नॉर्वेचा आइनार, रस्ते असलेल्या शहरांतून आलेले तिघेचौघे, आणि अगदी शेवटी रखडत येणारा एक. त्यांच्या अंगावर आमच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं.

“नाही तर नाही,” फेव्रोनिया म्हणाली. “ठेवू या की.”

आइनार तोंडात घास घेऊन बसला होता. तिनं बोटं पाण्यात बुडवून त्याच्या डोक्यावर थेंब शिंपडले, त्याच्या कानात आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला फैलावर घेतलं की बाबा, या वयात इतक्या थंडीत असे उघड्या कानांनी हिंडता, लोक मला काय म्हणतील? आइनारनं गाव्रिलाकडे बघितलं. गाव्रिला म्हणाला, लेक आहे ती तुझी, ऐकून घे. आइनारनं निमूटपणे टोपी ओढली, मोजे घेतले, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. फेव्रोनिया एवढी मोठी बाई, पण चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ नाक पुसत राहिली.

बाहेरच्यांमध्ये एक बाई होती, तिला गावातल्या सगळ्यात थापाड्या शिकाऱ्याचं नाव मिळालं. तिनं लगेच वाटेत अस्वल बघितल्याची गोष्ट सांगितली. पुरुषमंडळींनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या.

असं सगळं रंगात आलं असताना ओलिंकाची विश्रांती संपली. शेवटचा मुशर अजून पोचला नव्हता. गाव्रिलानं निकाल दिला. तिला इथून निघू दे. पण शेवटच्या माणसालाही तेच मिळालं असं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे. नाही म्हणाला, तर पुढच्या गावात वायरलेस करून मी तिला उतरवणार. याकोनं मशीन पुसून ठेवलं होतं. दादाच्या मागे जायला तो उतावीळ झाला होता. ओलिंकानं कुत्र्यांना उभं केलं, स्लेज अडवायला बर्फात रोवलेला आकडा उपटला आणि वळून बघितलं.

“बायको, येतेस ना मागून?”

“तुम्ही व्हा पुढे,” अगाफिया म्हणाली. “मी मागचं आवरून येते.”

डिझेलनं उडी घेतली आणि सगळी रांग नदीवर उतरली. अगाफिया ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. नवऱ्याची अख्खी शर्यत डोळ्यांनी बघायची म्हणून ती घरून निघाली होती, आणि आता तिला इथे बसून त्या रखडत येणाऱ्या परक्या माणसाची वाट बघायची होती. पण आपलं आपणच निस्तरणं भाग आहे, हे ती स्वतःला सांगत होती.

स्वयंपाकघरात आली तर सगळी गाठोडी रिकामी. बायका दमून, खूश होऊन चहा पीत होत्या. मोजे संपले होते, आणि नावंही. ज्यांची माणसं गेली होती आणि ज्यांची नावं कुणाच्या अंगावर नव्हती, ती सगळी आज कुणाच्या ना कुणाच्या अंगावर बसली होती.

“आता तुमच्या घरचं बघ,” फेव्रोनिया अगाफियाला म्हणाली. “कुणी राहिलंय का?”

याकोनं एकदम मान खाली घातली. अगाफियाला ठाऊक होतं कोण राहिलंय ते. तिची सासू. याकोची आई, नुराताक.

ती बाई म्हणजे साक्षात वाघीण. उंच, रुंद, हात वल्ह्यासारखे, आणि शिवण अशी की पाण्याची काय बिशाद आत शिरायची. तिनं जन्मभर अगाफियाच्या हातचं खाल्लं आणि जन्मभर नावं ठेवली. मासा कोरडा, चहा पांचट, रस्सा अळणी. आणि एवढं बोलून वाडगा मात्र असा चाटूनपुसून ठेवायची की धुवायला नको. ती गेली, त्यानंतर घरात पोरं जन्मली, पण दर वेळी अगाफियानं दुसरंच कुणाचं तरी नाव सुचवलं. आधी काकांचं ठेवू या, आत्याचं राहून गेलंय, असं करत. खरं कारण एवढंच होतं की ती बाई तिला पुन्हा घरात नको होती. याको कधी एका शब्दानं बोलला नाही. पण सणाच्या दिवशी ज्याचा तो आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाला पाणी द्यायचा, तेव्हा याको भरलेला पेला हातात धरून उभा राहायचा आणि मग स्वतःच पिऊन टाकायचा. अगाफियाला ते दर वर्षी दिसायचं. दर वर्षी ती दुसरीकडे बघायची.

“राहिलंय एक,” अगाफिया म्हणाली. “भावजी, तुमच्या आईचं ठेवू या.”

याकोनं वर बघितलं. होकारार्थी मान हलवली.

मोजे? मोजे अगाफियाच्याच हातात होते. सासूनं स्वतःसाठी शिवलेली शेवटची जोडी, सीलच्या कातड्याची, बीव्हरची किनार. अगाफियाला सासू नकोशी होती, पण तिची शिवण कशी नकोशी होईल? आत लोकरीचे दोन दोन मोजे घालून ती इतकी वर्षं ते वापरत होती. आता तिनं ते काढले आणि टेबलावर ठेवले.

शेवटचा मुशर ऊन कलता कलता आला. आर्विद त्याचं नाव. दक्षिणेकडून कुठून तरी आलेला, घरं बांधणारा माणूस. कुत्र्यांना गाणी म्हणत म्हणत सावकाश चालला होता, आपण शेवटचे आहोत याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. दारात मावेना एवढा माणूस, दाढीत बर्फाच्या कांड्या, हातमोजे फाटून चिकटपट्टीनं गुंडाळलेले. कुत्र्यांचं सगळं करून तो आत आला आणि बघतो तर खोलीभर बायका, सगळ्या त्याच्याकडे टक लावून.

अगाफिया पुढे झाली. तिनं त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. त्याला त्यासाठी वाकावं लागलं. तिनं नाव उच्चारलं, आणि मग म्हणाली, “या सासूबाई. बसा.”

फेव्रोनियानं त्याला दोन वाक्यांत समजावलं. आर्विदनं थोडा विचार केला.

“बाई कशी होती?” त्यानं विचारलं.

“हाताची फार चांगली होती,” अगाफिया म्हणाली.

बायकांनी तोंडं दाबली. अगाफियानं मोजे पुढे केले आणि आर्विदनं ते चढवले. बेतून शिवल्यासारखे बसले. तो उलटसुलट करून बघतच राहिला, अशी शिवण मी जन्मात पाहिली नाही म्हणाला. मग ते काढून मांडीवर ठेवले आणि वाडगा जवळ ओढला. दोन चमचे झाले, तीन झाले. गाव्रिला समोर येऊन उभा राहिला. त्याच्या एका हातात वायरलेस होता.

“आर्विद, बाकीच्यांना या गावात जे मिळालं, ते सगळं तुला मिळालं?”

अगाफियानं फेव्रोनियाचा दंड घट्ट धरला होता. आर्विदनं घास सावकाश चावला, गिळला, वाडग्यात बघितलं.

“मिळालं,” तो म्हणाला. “मीठ जरा कमी आहे.”

याको खुर्चीवरून अर्धा उठला. फेव्रोनियाच्या हातातली पळी खाली पडली. आणि अगाफिया हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तिला उभं राहवेना, टेबलाला धरून ती हसत राहिली आणि तिच्याबरोबर सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं. इतकी वर्षं ज्या वाक्यानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तेच वाक्य आज तिला इतकं गोड लागलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“कमीच आहे, सासूबाई,” ती म्हणाली. “आणते हं.”

गाव्रिलानं वायरलेस तोंडाशी धरला आणि पुढच्या गावाला कळवलं की कुइलुकचा पाहुणचार पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारखा झाला, ओलिंकाची वाट मोकळी आहे. पलीकडून जी आरोळी उठली ती नदीवरच्या सगळ्या घरांत ऐकू गेली. ओलिंका दुसऱ्या दिवशी शेवटचा खांब ओलांडून सहावी आली आणि वासिलीचं नाव एकदाचं पलीकडे पोचलं, त्याचा जल्लोष पुढे आठवडाभर चालला.

पण त्या दुपारी, सगळा कल्ला चालू असताना, अगाफिया मीठ घेऊन वळली तेव्हा तिला याको दिसला. तो बादलीपाशी गेला होता. नदीच्या पाण्याचा पेला काठोकाठ भरून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, तो त्या दाढीवाल्या माणसासमोर येऊन उभा होता.

“आई,” तो म्हणाला, “पाणी हवंय?”

आर्विदनं वर बघितलं.

“दे बाबा,” तो म्हणाला. “फार दिवसांचा तहानलेलो आहे.”

त्यानं पेला घेतला आणि एका दमात संपवला. मग आणखी मागितलं. याको पुन्हा बादलीकडे गेला. तो परत येईपर्यंत अगाफियानं सासूसाठी वाडगा पुन्हा भरला होता. या वेळी मीठ बघून.